लायनीच्या आतले अंबादासअण्णा

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. डावीकडे अंबादासअण्णा, उजवीकडे याकूबभाई. अण्णा माझ्याकडे बघून म्हणतात, "ताई, ह्याला सांगा, उद्या सकाळी सातला. आन् ते नवीन बूट घालून येऊ नको म्हणावं, पाय सरकतोय त्याचा." याकूबभाईही माझ्याकडेच बघतात आणि म्हणतात, "ताई, इनको बोलो, सुना मैं. सात बजे. और बूट कल ही बदल डाल्या."

मला काही सांगावं लागत नाही, पण मी मध्ये असावी लागते. एकदा मी औषध काढायला आतल्या खोलीत गेले होते. परत येऊन बघते तर दोघं भिंतीवरच्या टॉनिकच्या जाहिरातीकडे टक लावून उभे, आणि मागं गिऱ्हाइकांची रांग. मी जागेवर आल्यावर अण्णांचं वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढं सुरू झालं.

माझं दुकान बॅडमिंटन हॉलच्या फाटकाला लागून आहे. त्यामुळे सोलापुरातल्या निम्म्या गुडघ्यांची मला ओळख आहे. त्यातला सगळ्यात नामांकित गुडघा अण्णांचा. अण्णा आणि याकूबभाई तीस-पस्तीस वर्षं डबल्स खेळताहेत. जिल्ह्याचं विजेतेपद त्यांनी इतक्यांदा आणलं, की मधे एकदा दुसरी जोडी जिंकली तर पेपरात अण्णांच्या हरण्याची बातमी आली आणि जिंकलेल्यांची नावं खाली बारीक अक्षरात. चाळिशीच्या गटात जिंकले, पन्नाशीच्या गटात जिंकले, साठीच्या गटात गेल्यावर तर त्या गटातल्या बाकीच्यांनी डोक्याला हात लावला. आणि ही अशी जोडी कोर्टाच्या बाहेर एकमेकांशी एक अक्षर बोलत नाही.

अण्णा उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे. साखर पेठेत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, तो आता मुलगा बघतो. याकूबभाई ठेंगणे, गोल, विजापूर वेशीजवळ टायरच्या दुकानात बसणारे. अण्णा कोर्टाच्या डाव्या बाजूला खेळतात, याकूबभाई उजव्या. इतकी वर्षं डावीकडे खेळून अण्णा आता सगळीकडे डावीकडेच असतात. नवी पेठेतल्या गर्दीतसुद्धा ते उजवीकडे एका माणसाची जागा सोडून चालतात. त्या जागेत कुणी अनोळखी माणूस शिरला की अण्णा कावरेबावरे होतात आणि त्याला पुढं जाऊ देतात.

तरुणपणी क्लबच्या सेक्रेटरींनी त्यांचं नाव एकदा बळेच सिंगल्समध्ये घातलं होतं. डाव्या अर्ध्या कोर्टात अण्णा वाघ. उजवीकडे शटल आलं की मात्र "घे!" असं ओरडायचे आणि तिकडे बघत राहायचे. घ्यायला कुणी नसायचं. पहिल्याच फेरीत एका कॉलेजच्या पोरानं त्यांना धुऊन काढलं. अण्णांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "झकास खेळलास. पण मी एकटा होतो की रे." पुन्हा ते सिंगल्सच्या वाटेला गेले नाहीत.

घरीही तेच. गॅसवर दूध वर येतं, पद्माक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, चिमट्यानं पातेलं उचलायला जातात, तेवढ्यात हॉलमधून अण्णांची आरोळी येते, "सोड!" डबल्सच्या भाषेत याचा अर्थ, 'मी घेतो'. पद्माक्का सोडतात. अण्णा येईपर्यंत दूध ओट्यावर. "येत होतो की मी," अण्णा म्हणतात. पद्माक्का मला म्हणाल्या, "ताई, ह्यांच्यासंगं याकूबभाईच खेळू जाणे. मला न्हाय जमलं बगा." त्यांनी या संसारावर एकच सूड उगवला आहे. अण्णांचे सगळे चषक स्वयंपाकघरात आहेत. छोट्या कपांत हळद-मोहरी, मधल्यांत शेंगाचटणी, आणि राज्य विजेतेपदाच्या दोन कानांच्या कपात तुरीची डाळ.

अण्णांची एक रीत साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. सामना जिंकला की नेटपाशी हात मिळवायचे आणि पिशवीतून स्वतःच्या कारखान्यातला कोरा टॉवेल काढून हरलेल्याच्या खांद्यावर टाकायचा. वर एकच शब्द, "पुसा." माळशिरसचे एक दातांचे डॉक्टर आहेत, हौशी आणि चिवट. ते दरवर्षी येतात आणि दरवर्षी टॉवेल घेऊन जातात. मुलीच्या लग्नात रुखवतात मांडायला टॉवेल विकत घ्यावे लागले नाहीत, असं ते स्वतःच हसत हसत सांगतात.

आता ते न बोलण्याचं. शटलला अण्णांच्या पिढीतली माणसं फूल म्हणतात, आणि भांडण झालं ते एका मधल्या फुलावरून. डबल्समध्ये कोपऱ्यात आलेलं फूल कुणाचं हे सांगावं लागत नाही. भानगड असते ती दोघांच्या बरोब्बर मधोमध आलेल्या फुलाची. तरुणपणी नाशिकला राज्याच्या फायनलला ही जोडी पोचली होती. शेवटचा गुण. समोरच्यानं घाबरून फूल कसंबसं उचललं आणि ते मधोमध आलं, अगदी अलगद, कुणीही मारावं असं. अण्णांना वाटलं याकूब घेईल. याकूबभाईंना वाटलं अण्णा घेतील. दोघंही अदबीनं थांबले आणि फूल दोघांच्या पायांमध्ये पडलं.

"तुझं होतं ते," अण्णा म्हणाले.

"आपका था," याकूबभाई म्हणाले.

येताना एसटीत हे दोनच मुद्दे नगरपर्यंत चालले. करमाळ्याला आवाज चढले. टेंभुर्णीला कंडक्टरनं वैतागून एकाला पुढच्या सीटवर आणि एकाला मागच्या सीटवर बसवलं, तर दोघं गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडू लागले आणि मधल्या प्रवाशांचेही दोन तट पडले. सोलापूर स्टँडवर उतरताच अण्णांनी मार्कंडेयाची शपथ घेतली, की आजपासून याकूबशी एक शब्द बोलणार नाही. याकूबभाईंनीही कसम खाल्ली. मग दोघांच्या एकदमच लक्षात आलं, की लगेच पुढं जिल्ह्याची स्पर्धा आहे आणि जोडीचं नाव देऊन झालेलं आहे. नाव मागं घेईल तो अंबादास कसला आणि याकूब तरी कसला! तेव्हा अण्णांनी स्टँडवरच शपथेला दुरुस्ती केली. "लायनीच्या आत बोलीन. लायनीच्या भायेर न्हाय."

"हौ," याकूबभाई म्हणाले. "लाइन के अंदर."

लायनीबाहेरचं त्यांचं बोलणं ते शेवटचं. जिल्ह्याची स्पर्धा त्यांनी एकही गेम न गमावता मारली. मधल्या फुलाचा नियमही त्याच वेळी ठरला, तो म्हणजे दोघांनीही तुटून पडायचं. रॅकेटवर रॅकेट आपटते, ठिणग्या उडायच्या बाकी राहतात, पण फूल खाली पडत नाही. त्यानंतर अण्णांना मधल्याचा जो ध्यास लागला तो कायमचा. गल्लीत गटारावरून भांडण लागलं की अण्णा बाहेर येऊन विचारणार, "मधलं कुणाचं ते आधी ठरवा." मुलाच्या सोयरिकीच्या बैठकीत याद्या करून झाल्यावर शेवटी यांनी व्याह्यांना विचारलं, "ते सगळं बरं झालं हो, पण मधलं कुणाचं?" व्याही अजून विचार करताहेत.

मी कॉलेजात बरी खेळायचे आणि पुढं हट्टानं जिल्ह्याची अंपायरची परीक्षाही दिली. त्यामुळे शपथेतले बारकावे सोडवायचं काम माझ्या गळ्यात आलं. मोबाइल आल्यावर अण्णांच्या हातून एकदा चुकून याकूबभाईंना अंगठ्याचं चित्र गेलं. याकूबभाई फोन पुढं धरून दुकानात. "ताई, ये बोलना हुआ क्या नहीं?" मी निकाल दिला की नुसता हात दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे. त्यांचा जीव भांड्यात पडला. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी अण्णांच्या हातात न बोलता ठेवली. अण्णा सगळ्यांच्या आधी मांडवात हजर, पंगतीत वाढायलाही उभे. जेवण झाल्यावर मांडवाच्या खांबाला म्हणाले, "बिर्याणी लई भारी झालीया." खांबापलीकडं याकूबभाई उभे होते, त्यांनी दुसऱ्या खांबाला सलाम केला. मला कधी कधी वाटायचं, दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत.

पण खरी गंमत कोर्टावर. मी जिल्ह्याच्या सामन्यांना अंपायरच्या उंच खुर्चीत बसायचे आणि मला सगळं ऐकू यायचं. सुरुवातीची वर्षं "घे" आणि "सोड" एवढंच होतं म्हणे. मग हळूहळू लायनीच्या आत बरंच काही मावायला लागलं. दोन गुणांच्या मध्ये दोघं नेटकडं पाठ करायचे, तोंडावर रॅकेट धरायचे आणि कुजबुजायचे. समोरची जोडी हवालदिल व्हायची, की आता काहीतरी जबरदस्त डाव शिजतोय.

"तुझ्या मेव्हण्याचा मुतखडा पडला का?"

"नहीं पड्या. कल फिर फोटू निकाल्या."

"कुळथाचं पाणी दे म्हणावं. इकडं सर्व्हिस कुणाची?"

"मेरी."

"मग मार की."

आणि याकूबभाई अशी सर्व्हिस टाकायचे, की समोरच्याला ती कुठून आली ते कळायचं नाही. बुटाची नाडी तर त्या दोघांइतकी कुणाचीही सुटत नसेल. याकूबभाई वाकून नाडी बांधायचे आणि शेजारी वाकून अण्णा त्यांच्या मुलीच्या सासरची चौकशी करायचे. मी खुर्चीतून ओरडायचे, "अण्णा, खेळ लांबवू नका!" अण्णा वर बघून म्हणायचे, "झालं ताई, एवढी नाडी." आतमध्ये नातीच्या बारशाचं ठरत असायचं.

अण्णांचा गुडघा बरीच वर्षं कुरकुरत होता. याकूबभाईंनी टायरच्या जुन्या ट्यूबमधून कापून एक पट्टा बनवला होता, तो कोर्टाच्या आत आल्यावर अण्णांच्या हातात द्यायचे. माझ्या दुकानातल्या भारी नी-कॅप अण्णांनी कधी घेतल्या नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यात ट्यूबही पुरेना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, गुडघा बदलायचा आणि बॅडमिंटन बंद. राज्याची प्रौढांची स्पर्धा यंदा सोलापुरात होती, तेवढी खेळायची परवानगी अण्णांनी भांडून मिळवली.

त्या दुपारी ते दुकानात एकटेच आले. उन्हानं रस्ता ओस पडला होता. काउंटरच्या डाव्या टोकाला उभे राहिले, उजवीकडची जागा रिकामी. बराच वेळ खोकल्याच्या गोळ्यांची बरणी फिरवत राहिले आणि म्हणाले, "ताई, कोर्टावर नुसतं उभं राहायला गुडघा लागतोय का?"

मला आधी कळेना. मग कळलं. खेळणं थांबलं की बोलणं थांबणार होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "हॉलवाले नुसतं उभं राहू देतील का? तिथं पहाटेपासून पोरांच्या बॅचेस असतात. आणि ती शपथ पुरे झाली आता. मोडून टाका."

"मोडतो की. आधी त्यानं मोडू दे."

याकूबभाईंना मी गुडघ्याचं सांगायचं नाही, असं अण्णांनी बजावलं होतं. "मी सांगणार त्याला. लायनीच्या आत." म्हणून मी याकूबभाईंना आडून विचारलं, की शपथेचं काय ते एकदा मिटवून का टाकत नाही. ते म्हणाले, "मैं तो कब का तोड देता, ताई. पहले अण्णा तोडने दो." मला इतका राग आला, की मी त्यांना सुटे पैसे द्यायचेच विसरले. नाशिकचं ते फूल अजून तिथंच पडलेलं होतं आणि हे दोघं अजूनही दुसऱ्यानं घ्यावं म्हणून अदबीनं उभे होते.

स्पर्धेला सगळा हॉल भरला. साखर पेठेतले यंत्रमागवाले आले, विजापूर वेशीतले टायरवाले आले, कुणीतरी हलगीही आणली. माळशिरसच्या डॉक्टरांना उपांत्य फेरीत टॉवेल मिळाला. फायनलला पुण्याची जोडी होती. दोघांचे एकसारखे शर्ट, मनगटांना पट्टे, बाटलीत निळं पाणी. आमच्याकडे डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सोलापूरची जोडी खेळत असल्यामुळे मला अंपायरच्या खुर्चीत बसू दिलं नाही, ते रास्तच होतं. मी गुणांचा फलक उलटायला कोर्टाला चिकटून बसले.

पहिला गेम पुण्यानं घेतला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात अण्णा-याकूबभाई अकरा-सातनं पुढं गेले आणि बाजू बदलायची विश्रांती झाली. बाकीचे खेळाडू बाकड्याकडे जातात, हे दोघं सवयीनं लायनीच्या आतच थांबले. अण्णा टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "ऐक. हे शेवटचं. गुडघा बदलायचा हाय. डॉक्टर पुन्हा खेळायला न्हाई म्हणतोय."

याकूबभाई पाणी पीत होते. त्यांनी बाटली खाली घेतली. अंपायरनं खेळ सुरू केला आणि याकूबभाईंची सर्व्हिस नेटमध्ये गेली. पुढचं सोपं फूल त्यांनी बाहेर मारलं. मग एक सोडलं, ते आत पडलं. मी फलकावर पुण्याचे आकडे उलटत गेले. पद्माक्कांनी डोळे मिटून घेतले होते. अकरा-सातचं चौदा-अठरा झालं.

अण्णांनी बुटाची नाडी सोडली आणि वाकले. याकूबभाई शेजारी वाकले.

"आत्ता खेळ. बोलू नंतर," अण्णा म्हणाले.

"नंतर कहाँ?" याकूबभाईंचा आवाज फाटला होता. "बोलो ना अण्णा. नंतर कहाँ?"

अण्णांनी नाडीची गाठ मारली, ती सोडली आणि पुन्हा मारली. "बघतो मी," ते म्हणाले. "ते माझं. तू फूल बघ."

आणि याकूबभाईंनी फूल बघितलं. काय खेळला तो माणूस! एवढा गोल देह कोर्टाच्या मागच्या टोकाला उडतोय काय, तिथून नेटवर येतोय काय. अण्णा एका पायावर पुढं उभे राहून टपाटप नेटवर फुलं ठेवत होते. पुणेवाल्यांची निळ्या पाण्याची बाटली पायानं लवंडली, तरी उचलायला त्यांना सवड नव्हती. अठरा-अठरा. एकोणीस-एकोणीस. हलगीवाल्याला अंपायरनं दोनदा गप्प केलं. वीस-एकोणीस, सोलापूर.

शेवटच्या फुलाला पुणेवाल्यानं जमिनीलगतचा फटका कसाबसा उचलला आणि फूल वर आलं. मधोमध. अलगद. अण्णा नियमाप्रमाणे तुटून पडायला वळले आणि गुडघ्यानं साफ नकार दिला. ते जागच्या जागी अडकले. "घे" म्हणायचं, की "सोड" म्हणायचं? दोन्ही नाही. ते ओरडले, "याकूब!"

इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दुकानात ते "ह्याला" म्हणायचे आणि कोर्टावर नावाची गरज पडत नसे. याकूबभाई कुठून आले देव जाणे. फूल असं खाली मारलं, की ते समोरच्यांच्या पायांमध्ये पडून घरंगळत गेलं.

पुढचं काय सांगू! हलगी सुटली. टायरवाले मागवाल्यांना उचलत होते आणि मागवाले टायरवाल्यांना. पद्माक्का अंपायरच्या खुर्चीलाच मिठी मारून रडत होत्या. अण्णा लंगडत नेटपर्यंत गेले, दोन कोरे टॉवेल काढले, "पुसा" म्हणाले, आणि पुणेवाल्यांनी खरोखरच डोळे पुसले. मग अण्णा कोर्टाच्या मधोमध खाली बसले. याकूबभाईही शेजारी बसले.

बक्षीस समारंभ स्टेजवर होता. संयोजक दोनदा बोलवायला आले. अण्णा म्हणाले, "कप हितं आणा." शेवटी प्रमुख पाहुण्यांनाच कोर्टावर यावं लागलं. कोर्टावर बाहेरचे बूट चालत नाहीत, म्हणून त्यांनी बूट काढले आणि मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर आलेला सगळ्या हॉलनं पाहिला. बसल्या बसल्या दोघांनी कप घेतला. त्यानंतरही ते बोलत बसले, हॉल रिकामा होईपर्यंत. अखेर शिपाई दिवे बंद करू का म्हणाला. याकूबभाईंनी अण्णांना हात देऊन उठवलं. दोघं लायनीपर्यंत आले, जरा थांबले, आणि लायन ओलांडताच दोघांची तोंडं मिटली. एवढा मोठा विजय झालेला, आणि मला भडभडून आलं.

ऑपरेशन नीट झालं. याकूबभाई रोज दवाखान्यात येऊन अण्णांच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसायचे. मी गेले की म्हणायचे, "ताई, इनको बोलो, टांग को टेका देके सोना." आतून अण्णा म्हणायचे, "ताई, सांगा, ऐकलं म्हणून. आन् जेवून ये म्हणावं त्याला." मी दारात उभी. आता तर दोघांच्या मध्ये भिंतही आली होती.

अण्णा घरी आल्यावर महिनाभरानं त्यांचा फोन आला. "ताई, गोळ्या संपल्यात. घेऊन या. आन् येताना तुमचं ते अंपायरचं कार्ड घेऊन या."

मी गेले. कारखान्यामागच्या अंगणात शहाबादी फरशीवर पांढऱ्या रंगानं एक चौकोन आखलेला. त्याच्या आत दोन खुर्च्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये एक स्टूल. समोर दोन बांबूंना दोरी बांधलेली आणि दोरीवर ओळीनं नवे टॉवेल वाळत घातलेले. अण्णा काठी टेकून डाव्या खुर्चीत बसले होते. मिशांना थोडा पांढरा रंग लागला होता. याकूबभाई चौकोनाच्या बाहेर उभे होते, हातात कोर्टवरचे बूट घेऊन.

"ह्यानं विचारलं होतं की, नंतर कुठं म्हणून," अण्णा मला म्हणाले. "तर हितं. पण आमी म्हणून चालत न्हाय. तुमी परीक्षा दिलेल्या. हे कोर्ट हाय का न्हाय ते तुमी सांगायचं."

याकूबभाई म्हणाले, "हौ ताई. आप बोलेंगे वैसा."

मी पुस्तक पाठ केलेली बाई आहे. लांबी कमी होती, रुंदी कमी होती, जाळीच्या जागी टॉवेल होते आणि एका कोपऱ्यात तुळशीची कुंडी आत आली होती. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते, राज्याच्या फायनलला बघितलं नसेल अशा नजरेनं. मी रेघेच्या कडेनं सावकाश एक फेरी मारली.

"मागची रेघ वाकडी आहे," मी म्हटलं.

"पद्मानं मारलीया ती," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "मला वाकता येईना म्हणून. नीट करून घेतो की."

"राहू द्या. चालेल." मी टॉवेलांच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिले, कार्ड गळ्यात घातलं आणि सामना सुरू करताना खुर्चीतून म्हणते तसं मोठ्यानं म्हटलं, "लव्ह ऑल. प्ले!"

याकूबभाईंनी चपला काढल्या. कोर्टवरचे बूट घातले, दोन्ही नाड्या नीट बांधल्या, लायन ओलांडली आणि उजव्या खुर्चीत बसले.

"अण्णा," याकूबभाई म्हणाले. "वो नासिक का फूल... मेरा था."

"गप रे. माझं होतं ते."

"मेरा था बोल्या ना मैं."

"अरे, डावीकडं होतं की जरा! मला दिसलं होतं. माझंच होतं."

"कैसा आपका? मेरे हाथ के सामने था!"

आवाज चढले. पद्माक्का चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि रेघेवरच थबकल्या. "अय्यो, पुन्हा भांडायला लागले काय हो, ताई?"

"हो," मी म्हटलं, आणि गोळ्यांची पिशवी रेघेच्या बाहेर ठेवून दुकान उघडायला निघाले.